होम थिएटर खरेदी प्रकरण : मौजा सदर

संसारी माणसाच्या हातून जे थोडेबहुत मोठे व्यवहार आयुष्यात घडतात, म्हणजे घर बांधणे, मुलीचे लग्न करणे आणि भावाबरोबर वाटणीपत्र करणे, त्यांच्या पंगतीत अलीकडे घरी होम थिएटर बसविणे या चौथ्या व्यवहारालाही मानाचे पान मिळू लागले आहे. आणि पहिल्या तिहींत ज्याला काही कळत नाही तोच जसा सर्वांत खात्रीने सल्ला देतो, तशीच वहिवाट या चौथ्यातही अल्पावधीत रूढ झाली आहे. पूर्वी ही अडचण नव्हती. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ सालच्या जुलैत सुरू झाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे घरात ध्वनियंत्र आणणे याचा अर्थ रेडिओची पेटी आणणे, भिंतीत फळी ठोकून ती उंचावर ठेवणे, तिच्यावर विणलेला जाळीचा रुमाल घालणे आणि पोस्टात जाऊन तिचा परवाना काढणे एवढाच होता. पेटी एक, आवाज एक, आणि तो समोरून येई. आवाज मागून, डावीकडून, उजवीकडून आणि छतातूनही यावा ही अपेक्षा त्या काळी फक्त एकत्र कुटुंबातच पुरी होत असे, आणि तीही विनामूल्य.

सदर ही आमची वस्ती म्हणजे इंग्रजी अमदानीतला नागपूरचा छावणीबाजार. रेसिडेन्सी रोड, माउंट रोड ही नावे ती अमदानी अजून विसरलेली नाहीत. गल्ल्यांतून उंच छतांची जुनी घरे अजून तग धरून आहेत. आणि लिबर्टी व स्मृती या दोन चित्रपटगृहांनी इथल्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकविले की चित्रपट ही घराबाहेर, अंधारात, परक्या माणसाच्या कोपराशी आपले कोपर झुंजवीत पाहण्याची वस्तू आहे. ज्या वस्तीत दोन थिएटरे पायी चालत गाठता येत होती, तेथील गृहस्थाला तिसरे थिएटर आपल्या बैठकीत का हवे व्हावे, हा प्रश्न मी उपस्थित करीत नाही. हौसेची कारणे विचारण्याचा अधिकार शेजाऱ्याला नसतो; त्याला ती हौस फक्त ऐकून घ्यावी लागते.

आमच्या गल्लीत ही हौस उत्पन्न झाली ती एका सेवानिवृत्त तहसीलदारांच्या ठायी. मौका पाहिल्याखेरीज हुकूम द्यायचा नाही आणि कागदावर आल्याखेरीज हुकूम मानायचा नाही, या दोन तत्त्वांवर त्यांनी सारी नोकरी निभावून नेली होती. त्यामुळे बंगळुरास असलेल्या चिरंजीवांनी दूरध्वनीवर “बाबा, पैसे पाठवतो, चांगलं होम थिएटर घेऊन टाका,” असे सांगितले, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी तो तोंडी हुकूम अमान्य करून लेखी मागविला; व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराची छापील प्रत काढली; ती एका कोऱ्या फायलीत लावून फायलीला लाल फीत बांधली; आणि वर वळणदार अक्षरांत ‘होम थिएटर खरेदी प्रकरण, मौजा सदर’ असा मथळा घातला. मला, एका भिंतीचा भागीदार या नात्याने, पंच नेमण्यात आले. वहिनींची नोंद ‘हितसंबंधी इसम’ अशी झाली. ‘बैठकीत एसी बसवावा’ हा त्यांचा अर्ज कित्येक वर्षांपासून प्रलंबित असून तो या प्रकरणाशी संलग्न करण्यात यावा, अशी त्यांनी पहिल्याच पेशीत मागणी केली. आणि विषय भिन्न असल्याच्या कारणाने ती तत्काळ फेटाळण्यात आली.

गल्लीतले लोक या फायलीला हसले. मी हसलो नाही, कारण ज्या ज्या घरांनी अशी फाईल न उघडता दुकानाची पायरी चढली, त्या त्या घरांत मागचे दोन स्पीकर आज दिवाणाखाली आहेत.

पहिले काम मौका पाहणीचे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘बजेट किती’ हा येतो. वास्तविक तो ‘खोली केवढी’ असा असावयास हवा. तहसीलदारसाहेबांनी टेप धरला, मी दुसरे टोक धरले, आणि पंचनाम्यात नोंद झाली ती अशी : बैठक लांबीस सोळा फूट, रुंदीस बारा फूट, उंचीस चौदा फूट, जमीन शहाबादी फरशीची, चतुःसीमा, पूर्वेस शोकेस, पश्चिमेस दिवाण, उत्तरेस स्वयंपाकघराचे दार आणि दक्षिणेस खिडकीत बसविलेला लोखंडी कूलर, कायम वहिवाटीचा. आता उघडी फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत यांच्यामध्ये आवाज सोडला असता तो सरळ कानाकडे न जाता सगळ्यांच्या घरी जाऊन मग सावकाश येतो, आणि एकाच वाक्याची चार वाक्ये एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यास उतारा म्हणजे जाड पडदे, सतरंजी, गाद्या आणि भिंतीस टेकलेली पुस्तके. यापैकी पडदे आणि सतरंजी मंजूर झाली. कपाटातले जुने दिवाळी अंक रद्दीत देण्याविषयी वहिनींचा जो दुसरा अर्ज चालू होता, तो मात्र ध्वनिशास्त्रीय कारणास्तव खारीज झाला. दिवाळी अंकांचा असाही उपयोग होतो हे संपादक मंडळींच्या कानावर अवश्य घातले पाहिजे.

मग पडद्याचा प्रश्न. टीव्हीचा पडदा कर्णाने मोजतात हे ऐकून तहसीलदारसाहेब खिन्न झाले. ज्याने हयातभर शेतजमिनी गुंठ्यांनी मोजल्या, त्याला ‘पंचावन इंच’ हे माप म्हणजे पटवाऱ्याने केलेली दिशाभूल वाटावी हे स्वाभाविकच होते. आणि कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी जो हिशेब केला तो पाहून मलाही त्यांचे म्हणणे मान्य करावे लागले. ५५ इंचांवरून ६५ इंचांवर जाताना कर्ण वाढतो दहाच इंच, पण क्षेत्रफळ वाढते सुमारे ४० टक्के. म्हणजे दुकानदार जेव्हा ‘फक्त दहा इंचांचा फरक आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या फायद्याची गोष्ट लपवीत असतो, आणि दुकानदारांच्या इतिहासात ही घटना तशी दुर्मीळच. बसण्याच्या अंतराचा ठोकताळा असा की आजच्या फोर-के पडद्यापासून कर्णाच्या सवापट ते दीडपट दूर बसावे. ५५ इंचांसाठी तो पावणेसहा ते सात फूट पडतो, आणि आमच्या दिवाणावरून पडदा नऊ फुटांवर. तेव्हा ६५ चाच पक्ष न्याय्य. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आल्याची नोंदही फायलीत होतीच. हरकत निघाली ती शोकेसची. ६५ इंची पडदा रुंदीला पावणेपाच फूट भरतो आणि शोकेस साडेचार फूट; त्यातला लग्नाचा फोटो, शाळेच्या शिल्डा आणि ताडोब्याहून आणलेला लाकडी वाघ यांचे पुनर्वसन कोठे करावयाचे, यावर दोन पेश्या खर्ची पडल्या.

एवढी सिद्धता झाल्यावर आम्ही दुकानाकडे वळलो. सदरातल्या या दुकानांची प्रात्यक्षिकाची खोली हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेले, उड्डाणपुलाखाली वाहनांचा कल्लोळ. आणि आत काचेचे दुहेरी दार लोटले की गालिचा, मखमली भिंती, मंद दिवे आणि निःशब्द एसी. त्या खोलीत गिऱ्हाइकाने स्वतःचा खोकलासुद्धा ऐकला तरी तो त्याला भारदस्त वाटतो. तिथल्या तरुण सेवकाने आम्हांला गुबगुबीत खुर्च्यांत बसवून एक हेलिकॉप्टर आमच्या डाव्या कानावरून उजव्या कानाकडे नेले, मागे काचा फोडल्या, छतावर पाऊस पाडला, आणि विजयी मुद्रेने विचारले, “काका, बेस पाह्यला का? हा घरी लावला न, तं शेजारी भांडाले येते. शेजारी भांडाले आला का समजाचं, सिस्टिम बराबर बसली.”

“अरे बाबू,” तहसीलदारसाहेब शांतपणे म्हणाले, “शेजारी हे काय माझ्या बाजूलाच बसून राह्यले. आणि हेलिकॉप्टर माझ्या घरात येत नाही. मी आपला साक्षीदार सोबत आणला आहे, त्याला बोलू दे.”

त्यांचा साक्षीदार म्हणजे वसंतराव देशपांडे यांची एक तबकडी होती. आमच्या शेजारच्या सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांच्या नावाचे सभागृह उभे आहे, त्या वसंतरावांना तहसीलदारसाहेबांनी तारुण्यात समोर बसून ऐकलेले. तेव्हा तो गळा खरा कसा लागतो, तान कोठे फुटते आणि श्वास कोठे घेतला जातो हे त्यांना पाठ होते. यंत्राची परीक्षा घेण्याचा याहून चांगला मार्ग माझ्या पाहण्यात नाही. हेलिकॉप्टर कसे वाजते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? न ऐकलेल्या गोष्टीची नक्कल नेहमीच हुबेहूब वाटते. ज्याने हेलिकॉप्टर मोठ्या डौलाने उडविले होते, त्याच दिमाखदार संचाने वसंतरावांना एका पिंपात बसवून गायला लावले. आणि कोपऱ्यातल्या, अंगावर एकही दिवा न मिरविणाऱ्या, साध्या लाकडी पेट्यांच्या जोडीतून ते समोर येऊन बसले. सेवकाने त्या जोडीवरची धूळ पुसली. तिच्याविषयी कोणी विचारीत नाही, असे त्याने सांगितले.

मग आकड्यांची उलटतपासणी सुरू झाली. “काका, सेवन पॉइंट वन पॉइंट टू घेऊन घ्या,” असे त्याने म्हणताच तहसीलदारसाहेबांचा चेहरा आमूलाग्र बदलला. सात, एक, दोन! महसूल खात्यात केस पांढरे झालेल्या मनुष्याला सातबारा ओळखता येऊ नये हे अशक्य. आणि पुढील खुलासा त्यांनी ज्या त्वरेने आत्मसात केला, ती पाहून तो मुलगा चकित झाला. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या पेट्यांचा, म्हणजे कब्जेदार. तिसरा छतातून बोलणाऱ्यांचा, म्हणजे इतर हक्क. आणि मधला एक हा सबवूफर नामक अजस्र पेटीचा. या पेटीची कैफियत मोठी करुण आहे. पाच-एक किंवा सात-एक म्हणताना पूर्णांकात तिची गणना होत नाही, कारण तिच्या वाट्याला फक्त तळचे, सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचे, सूर येतात. खोलीत सर्वांत जास्त जागा अडवूनही हिशेबात ती दशांश चिन्हानंतर उभी. “देह मोठा, हिस्सा लहान,” तहसीलदारसाहेब उद्गारले, “हा थोरला भाऊ दिसतो.”

छतातल्या हक्कांचा निकाल लवकर लागला. डॉल्बी ॲटमॉस हा प्रकार चित्रपटगृहांत २०१२ साली आला आणि तेथून घरांत उतरला. छतात भोके पाडावयाची नसतील तर आवाज वर फेकून छतावरून परतविणाऱ्या पेट्या मिळतात, पण त्यांस छत सपाट आणि बेताच्या उंचीचे लागते. आमचे छत चौदा फुटांवर, सागाच्या तुळयांचे, त्यावर कवेलू आणि कवेलूंवर ऋतुमानानुसार वानरे. शिवाय ज्याला खऱ्या ॲटमॉसची हौस असेल त्याने पलीकडे गड्डीगोदामला जाऊन उभे राहावे. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांच्या डोक्यावर मेट्रो, असे चार मजले एकाच ठिकाणी रचलेले आहेत, आणि त्यांची आवाजाची पातळी कमी करण्याची कळ कोणाकडेही नाही.

वॅटांचे प्रकरण मात्र इतक्या सहजासहजी मिटण्यातले नव्हते. जुन्या वाचकांना १९९० च्या दशकातील टेपडेक आठवत असतील. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ ही चार अक्षरे आणि त्यांच्याआधी हजारांच्या घरातले वॅट! तेवढे वॅट खरोखर निघाले असते तर एकट्या मंगळवारी बाजारातल्या डेकांनी अर्ध्या सदरातले दिवे मालवले असते. तो आकडा म्हणजे यंत्र जळण्याच्या क्षणार्धापूर्वी जी उचल खाऊ शकेल तिची कल्पना. खरा, सतत पेलवणारा आकडा आरएमएस या नावाने, लहान अक्षरांत, पाठीमागे असे. आता पीएमपीओची चलती राहिली नाही, पण वृत्ती जात नाही. तहसीलदारसाहेबांनी एक देखणा संच उचलून उलटा केला. पुढे ठळक अक्षरांत चार आकडी वॅट; पाठीवरच्या पट्टीवर वीजवापर, दोन आकडी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अत्यंत गंभीर स्वरात सेवकाला म्हणाले, “याच्याजवळ ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता आहे.”

वास्तविक एवढ्या वॅटांची गरज तरी कोणास आहे? वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो केवळ तीन डेसिबल, आणि तो फरक ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा अशी इच्छा असेल तर वॅट दसपट लागतात. म्हणून पन्नासाच्या जागी शंभर वॅटांचा ॲम्प्लिफायर घेतल्यामुळे शेजाऱ्यावर जो वचक बसेल असे मालकास वाटते, तो बहुधा पावतीवरच बसतो. तीच गत तारांची. अंकीय संकेत वाहून नेणारी एचडीएमआयची तार एक तर चित्र पोहोचविते किंवा पोहोचवीत नाही. तिच्या टोकांना सोन्याचा मुलामा दिल्याने नायिका अधिक उजळ होत नाही. ज्यांना सोन्यातच पैसे घालावयाचे असतील त्यांनी सरळ इतवारीच्या सराफ्यात जावे. निदान मोड तरी मिळेल.

या सर्व धंद्यात दोन नावे अशी आहेत की ज्यांच्या चरित्राचा काही भाग आपल्याकडे जमा आहे, आणि त्यांची आठवण झाल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिले रे डॉल्बी. हे गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि चंदिगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या उभारणीत त्यांचा हातभार लागला. येथून परतताच त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिचे पहिले कार्य काय, तर ध्वनिमुद्रणातला नको असलेला खरखराट काढून टाकणे! भारतात दोन वर्षे काढलेल्या मनुष्यास जगातील गोंगाट कमी करण्याची निकड भासावी, याचा कार्यकारणभाव सदरातील वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरे अमर बोस. त्यांचे वडील ननीगोपाल बोस इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून १९२० साली अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. चिरंजीव एमआयटीत शिकत असताना १९५६ साली एक भारी ध्वनिसंच विकत घेते झाले, त्याच्या आवाजाने निराश झाले, आणि त्या रागातून पुढे त्यांची कंपनी उभी राहिली. मैफलीत आपल्या कानी येणारा पुष्कळसा आवाज भिंतींवरून परतून येतो हे ध्यानी घेऊन त्यांनी १९६८ साली जो ‘९०१’ स्पीकर काढला, त्यातल्या नऊ ध्वनिपटलांपैकी आठांची तोंडे मागे भिंतीकडे आणि एकाचेच ऐकणाऱ्याकडे होते. हा वृत्तान्त ऐकून तहसीलदारसाहेब म्हणाले, “यात नवीन काय? आमच्या कचेरीची बैठक अशीच होती.”

दुकानातील साक्ष पुरी झाली, पण मौक्यावरची बाकी होती. त्या मखमली खोलीत ऐकलेले काहीही पुराव्यात ग्राह्य धरण्यास तहसीलदारसाहेबांनी नकार दिला, आणि संच घरी आणून वाजवून दाखविल्याशिवाय निकाल नाही असे बजावले. त्याप्रमाणे ऐन मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना, दोन मुले टेम्पोतून पेट्या घेऊन आली.

हल्लीच्या रिसीव्हरबरोबर एक इवलासा ध्वनिग्राहक येतो. तो मुख्य श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर ठेवला की यंत्र प्रत्येक पेटीतून एकेक सूं-सूं आवाज सोडते, तो पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून पेटीचे अंतर काढते, आणि सर्व पेट्यांचा आवाज एकाच क्षणी कानी यावा अशी तजवीज करते. थोडक्यात, ही सरकारी मोजणीच. दिवाणावर, तहसीलदारसाहेबांच्या नित्याच्या जागी, चार दिवाळी अंकांच्या थप्पीवर तो ध्वनिग्राहक स्थानापन्न झाला. “काकू, कूलर बंद करा लागते,” मुलगा म्हणाला. “आणि कोणी बोलाचं नाही.” कूलर बंद झाला. पंखा बंद झाला. वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा टप-टप आवाज येऊ लागला; मुलाने पंपाची पिन उपटून तोही बंद केला. आम्ही पाच जण भिंतीला पाठ लावून, घामाने निथळत, न्यायासनासमोर उभे असल्यासारखे स्तब्ध राहिलो, आणि यंत्र आपले सूं-सूं करीत खोलीची जमाबंदी करीत राहिले. वहिनींनी पदराने वारा घेतला तर त्यांनाही खुणेने थांबविण्यात आले.

मोजणी संपली. पडद्यावर आकडा उमटला : डावा स्पीकर, ८ फूट ११ इंच. तहसीलदारसाहेबांनी आपला टेप लावला. ९ फूट ४ इंच. पाच इंचांची तूट! “काका, मशीन चुकत नाही,” मुलगा म्हणाला. आणि त्याचेही खरे होते. ध्वनीचा वेग २० अंश तपमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, आणि यंत्र बनविणाऱ्याने आपल्या थंड गावात बसून तोच धरलेला. आमच्या बैठकीत त्या घटकेला तो ३५८ च्या घरात होता. नागपूरच्या मे महिन्यात माणसे जागची हलत नाहीत, पण आवाज लवकर पोहोचतो. तफावतीची नोंद घेऊन पंच म्हणून मी सही केली. वास्तविक कानाला त्या पाच इंचांनी काही फरक पडत नाही, पण फायलीला पडतो.

“आता ऐका,” असे म्हणून मुलाने वसंतराव लावले. आणि त्याच क्षणी, गेली वीस मिनिटे उकडत उभ्या असलेल्या वहिनींनी कोणाचीही परवानगी न घेता कूलरचे बटण दाबले.

येथून पुढचे वर्णन नागपूरकराला करून सांगण्याचे कारण नाही, पण पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी करतो. आमचा कूलर म्हणजे खिडकीत बसविलेला, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेला, आत पाणी खेळणारा, विमानाच्या जातीचा पंखा असलेला लोखंडी पेटारा. होळी झाली की तो बोलू लागतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत गप्प बसत नाही. चार महिने त्याच्याशी स्पर्धा करीत संसार केल्यामुळेच आमची बोली थोडी वरच्या पट्टीतली झाली आहे, आणि बाहेरगावचे लोक उगाच समजतात की आम्ही भांडत आहोत. कूलर सुरू होताच मागच्या दोन पेट्यांतून येणारे जे काही होते ते लुप्त झाले. वसंतरावांच्या हरकती ताट्यांत अडकून राहिल्या. आणि मोजणीचा सारा दस्तऐवज एका बटणासरशी रद्दबातल झाला. आवाज वाढविला तेव्हा स्फोट ऐकू येऊ लागले आणि संवाद नाहीसे झाले. “मी तं बातम्या पट्टी वाचूनच पाहते,” वहिनी म्हणाल्या. “कितीक वर्षं झाली. आणि तुमचे हे डावे-उजवे खांब इथेच राहिले, तर महालक्ष्म्या कुठे बसवाच्या?”

या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या मुलांच्या माहितीपत्रकात नव्हते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस खांब आमच्या ओसरीवर ठेवावेत अशी तडजोड निघाली; पण पहिला प्रश्न मुळावरच घाव घालणारा होता. चित्रपट असो की मालिका की बातम्या, माणसांचे बोलणे बहुतांशी मधल्या, पडद्याखालच्या पेटीतून येते. आणि खोक्यातल्या तयार संचांत नेमकी तीच पेटी चिमुकली, बिचारी, नावाला दिलेली असते, कारण दुकानात हेलिकॉप्टर ऐकणारे गिऱ्हाईक संवाद ऐकावयास थांबत नाही. आणि मधली पेटी कितीही चांगली घेतली तरी कूलरपुढे तिचे काही चालणार नाही. खोलीत जेवढी शांतता असेल तेवढेच ऐकू येते. ती शांतता मात्र कोणत्याच खोक्यात भरून मिळत नाही.

निकालाचा मसुदा तहसीलदारसाहेबांनी स्वहस्ते लिहिला. सबब हुकूम करण्यात येतो की, मागील दोन पेट्या व छतावरील हक्क यांकरिता मंजूर झालेली रक्कम वळती करून प्रथम दीड टनांचा, कमी आवाजाचा इन्व्हर्टर एसी खरेदी करण्यात यावा, व हितसंबंधी इसमांचा प्रलंबित अर्ज त्या प्रमाणात निकाली काढावा; त्यानंतर ६५ इंची पडदा, पाच वाटांचा रिसीव्हर, समोरची ती धूळ खात पडलेली लाकडी जोडी आणि तिच्याच वंशातली, अंगाने भरलेली मधली पेटी घ्यावी; मागच्या पेट्या पुढील दिवाळीस चिरंजीव स्वतः येऊन ऐकतील तेव्हा. सबवूफरबाबत गैरअर्जदाराची, म्हणजे माझी, हरकत दाखल होती. ४० हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते, आणि तहसीलदारसाहेबांची बैठक पाच मीटरही भरत नाही. तेव्हा जी लाट त्यांच्या घरात मावणार नाही ती कोणाच्या घरी मुक्कामाला येईल, हे मी नकाशासह दाखवून दिले होते. हरकत मंजूर झाली. चिरंजीवांनी बंगळुराहून अपील केले आहे.

एसी बसला त्या दिवशी वहिनींनी पेढे वाटले. वसंतराव आता संध्याकाळी भिंतीपलीकडून मलाही ऐकू येतात, बेताच्या आवाजात, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही.

सदरातील दुकानदार मंडळींस मात्र या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. आपल्या प्रात्यक्षिकाच्या खोल्यांतला गालिचा खुशाल राहू द्यावा, दिवेही मंद ठेवावेत. परंतु मार्चपासून जूनपर्यंत तिथला एसी बंद करून खिडकीत एक लोखंडी कूलर बसवावा, त्यात काठोकाठ पाणी भरावे, पंप सुरू करावा, आणि मग गिऱ्हाइकाला काय ऐकवावयाचे असेल ते ऐकवावे.